बटाट्याचें विशिष्ट गुरुत्व आणि काट्याची चूक

ज्या बटाट्यांत पाणी कमी व पिष्ट अधिक, तो पाण्यांत तोलतांना अधिक भरतो. वेफर करणारे कारखानदार माल घेतांना ही कसोटी लावतात. म्हणून शेतकरी बंधूंनीं ती स्वतः करून पाहावी. मात्र आलेल्या आंकड्यावर कितपत विसंबावें हेंही कळलें पाहिजे. नाहीं तर काट्याच्या चुकीवरून बियाण्याचा निवाडा होईल.

कृति अशी: धुऊन कोरडे केलेले बटाटे हवेंत तोलावे. मग तेच जाळीच्या टोपलींत घालून पाण्यांत पूर्ण बुडवून तोलावे व बुडालेल्या रिकाम्या टोपलीचें वजन वजा करावें. हवेंतील वजनास पाण्यांत झालेल्या घटीनें भागिलें म्हणजे विशिष्ट गुरुत्व येतें. समजा, हवेंत ५००० व पाण्यांत ३७० ग्रॅम भरले. घट ४६३०, भागाकार १.०७९९.

आतां काटा १० ग्रॅमनें चुकत असेल तर? पाण्यांतील वजन ३६० धरल्यास उत्तर १.०७७६ येतें, फरक ०.००२३. उलट हवेंतील वजन ५०१० धरल्यास १.०७९७ येतें, फरक केवळ ०.०००२. कारण हवेंतील वजन भाज्यांतही आहे व भाजकांतही. त्याची चूक बरीचशी आपली आपण कटते. भाज्य व भाजक यांच्या चुका वेगवेगळ्या समजून बेरीज करणारास अनिश्चितता सुमारें तिप्पट दिसेल. दोन स्वतंत्र चुकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावें. येथें तें ०.००२३ च राहतें. म्हणजे शुष्क अंशांत सुमारें अर्धा टक्का.

दुसऱ्या जातीचे तेवढेच बटाटे पाण्यांत ३६२ ग्रॅम भरले, तर उत्तर १.०७८१. दोहोंतील अंतर ०.००१८, परंतु त्या अंतराची अनिश्चितता ०.००३३. तेव्हां पहिली जात सरस ठरली, असें म्हणतां येत नाहीं; त्यावरून पुढील हंगामाचें बियाणें बदलूं नये.

उपाय तीन. पाण्यांतील तोल बारीक काट्यावर घ्यावा. त्याच काट्यास पेलत असल्यास नमुना चौपट करावा. अनिश्चितता चौथाई होते. तिसरें, बटाट्यांस चिकटलेले बुडबुडे हलवून काढावे. १० घनसेंटिमीटर हवा १० ग्रॅम वजन चोरते, आणि ही चूक नेहमीं एकाच बाजूची असल्यानें कितीही वेळां तोलून सरासरी काढली तरी जात नाहीं.