लिफ्ट आहे, पण कुठल्या जिन्याला?

पॅरिसमधल्या त्या इमारतीला लिफ्ट होती. जाहिरातीत तसं लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. रस्त्यावरच्या जड दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, दोन माणसं अंग चोरून मावतील एवढी लिफ्ट. मात्र ती रस्त्याकडच्या घरांसाठी. आमचं घर अंगण ओलांडून मागच्या बाजूला, ‘सी’ जिन्यानं पाचव्या मजल्यावर. त्या जिन्याला लिफ्ट नव्हती. 98 पायऱ्या होत्या. आम्ही सहा माणसं, पाच बॅगा, आणि दीड वर्षापूर्वी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या सासूबाई.

मे 2024 मधली ही गोष्ट. नाशिकहून आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे, म्हणजे आई-बाबा, असे निघालो होतो. हॉटेलात तीन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या. शिवाय बाबांच्या इन्सुलिनला फ्रिज हवा, आईंना रात्री मऊ भात हवा, मुलांना अवेळी भूक लागते. म्हणून सात दिवसांसाठी घर घेतलं. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असतील तर मी आजही घरच घेईन. चूक झाली ती विचारण्यात. मी त्या घराचे फोटो वीसेक वेळा पाहिले असतील. पलंग, पडदे, खिडकीतली कुंडी, सगळं पाठ झालं होतं. जिन्याचा एकही फोटो नाही हे मात्र एकदाही लक्षात आलं नाही.

जुन्या पॅरिसच्या बांधणीतच हे आहे. 1853 ते 1870 या काळात प्रशासक असलेल्या जॉर्ज ओस्मान यांनी शहराचा मोठा भाग पाडून नवे रस्ते काढले आणि त्यांच्या कडेनं एकसारख्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. दर्शनी जिना रुंद आणि ऐटबाज. मागचा जिना अरुंद, नोकरचाकरांच्या वापराचा. लिफ्ट बहुतेक ठिकाणी नंतर, जागा सापडेल तिथे बसवलेली. म्हणून ती कधी तळमजल्याऐवजी अर्ध्या जिन्यावरून सुरू होते, तर कधी वरच्या एका मजल्याआधीच थांबते. तेव्हा ‘लिफ्ट आहे का?’ एवढंच विचारू नका. असं विचारा: ‘रस्त्यावरच्या दारापासून घराच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या चढाव्या लागतील, आणि लिफ्ट आमच्याच जिन्याला आहे का?’ उत्तर लेखी घ्या, आणि ज्या संकेतस्थळावरून घर घेताय त्याच्याच संदेशांत घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तेवढाच पुरावा हाताशी असतो.

पहिल्या रात्री आई तो जिना चढल्या ते मी विसरू शकत नाही. लाकडी, मेणानं चकचकीत केलेल्या, आतल्या बाजूला निमुळत्या होत गेलेल्या पायऱ्या. डावा हात कठड्यावर, उजवा माझ्या खांद्यावर. तिथल्या जिन्यातला दिवा ठरावीक वेळानं आपोआप विझतो. चालता माणूस तेवढ्यात घरी पोचतो, असा हिशेब. आई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये असताना तो विझला. मिट्ट काळोख. ‘कुणी हलू नका गं,’ त्या म्हणाल्या. भिंतीवर खटक्याचा एक नारिंगी ठिपका तेवढा दिसत होता. मुलगा चाचपडत वर गेला आणि त्यानं तो दाबला. नंतर त्यानं ते कामच अंगावर घेतलं. आजी निघाली की हा पुढच्या मजल्यावर खटक्याशी उभा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्या अंघोळी झाल्या आणि गरम पाणी संपलं. तासाभरानं नळ सोडला, तरी थंडच. तिथे अनेक घरांत पाणी तापवायची विजेची टाकी फक्त रात्री, वीज स्वस्त असते त्या वेळात तापते. दिवसभरासाठी पाणी तेवढंच. मालकाला कळवल्यावर समजलं, विजेच्या पेटीत एक खटका असतो, तो फिरवला की टाकी दिवसाही तापते. दोन मिनिटांचं काम, पण आम्हाला ते तिसऱ्या दिवशी कळलं. टाकी किती लिटरची आहे हे आधीच विचारा आणि घरात शिरताच तो खटका दाखवून घ्या. शेगडीचंही तसंच. आमचा ॲल्युमिनियमचा छोटा कुकर तिथल्या इंडक्शनवर तापेचना. न्यायचाच असेल तर तळाला लोहचुंबक चिकटतो तोच न्या. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा. फ्रान्समध्ये 2015 पासून प्रत्येक घरात धुराची घंटा सक्तीची आहे. कढीपत्ता, नारळ, डाळी घरून वाहून नेऊ नका. गार द्यु नोर स्टेशनाच्या मागे, ला शापेलच्या बाजूला, श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची दुकानं आहेत. तिथे सगळं मिळतं.

सगळ्यात महाग पडलं ते दार. चौथ्या दिवशी नवरा कचरा टाकायला खाली गेला, मी त्याला हाक मारायला बाहेर आले आणि वाऱ्यानं दार लागलं. तिथल्या कित्येक दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार नुसतं लोटलं गेलं तरी किल्लीशिवाय उघडत नाही, आणि किल्ली आत. मुलं आणि बाबा बाहेर गेलेले. आत आई एकट्या, झोपलेल्या, कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. खालच्या टपालपेट्यांवर एक रंगीत पत्रक होतं. पोलीस, अग्निशमन आणि त्यांच्याच ओळीत कुलूपवाला. सरकारी असावं असं वाटलं, म्हणून फोन केला. फोनवर 89 युरो सांगितले. आल्या आल्या त्यानं ड्रिल लावलं, कुलूप फोडलं, नवीन बसवलं आणि 620 युरो मागितले. आत आई होत्या, मी घाबरलेली. आम्ही मुकाट्यानं पैसे दिले.

मालकाला आधी फोन केला असता तर त्याच्या शेजारणीकडे दुसरी किल्ली होती! ही पत्रकं सरकारी नसतात, दिसायला फक्त तशी असतात. नुसतं लोटलं गेलेलं, किल्ली न फिरवलेलं दार जाणता कारागीर जाड प्लास्टिकचा पत्रा फटीत सरकवून, कुलूप न फोडता उघडू शकतो. आणि अशा कामाचा खर्च आधी लेखी देणं फ्रेंच कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, दुसरी किल्ली कुणाकडे असते. एक किल्ली कायम कुणाच्या तरी गळ्यात असू द्या. आत माणूस अडकला असेल, जिवाला धोका असेल, तर 112.

घराच्या भाड्याच्या बाबतीत मात्र आम्ही वाचलो. या घराआधी दुसरं एक पसंत पडलं होतं. त्याचा मालक म्हणाला, परस्पर बँकेत पैसे पाठवा, सूट देतो. नवऱ्यानं तिथल्या तिथे नाही म्हटलं, आणि ते फार बरं केलं. परस्पर पैसे गेले की दाद मागायला जागाच उरत नाही. फसवणूक ओळखायची दुसरी खूण क्रमांकाची. आम्ही गेलो तेव्हा पॅरिसमधल्या अशा घराच्या जाहिरातीवर नगरपालिकेचा तेरा अंकी नोंदणी क्रमांक असावा लागे. त्याची सुरुवात 751 नं होई आणि पुढचे दोन अंक शहराच्या वीस विभागांपैकी कुठला ते सांगत. 75109 म्हणजे नववा, 75118 म्हणजे अठरावा. जाहिरात ‘अगदी मध्यात’ म्हणते आणि क्रमांक विसावा विभाग दाखवतो, तर तिथेच थांबा. नियम बदलत असतात. मालकाला स्वतःचं राहतं घर वर्षातून 120 दिवस भाड्यानं देता येत असे, ते 2025 पासून 90 झाले. म्हणून ज्या वर्षी जाणार त्या वर्षीचा नियम पाहून घ्या. व्हिसाच्या अर्जाला बुकिंगची पावती लागते. तिच्यावर माझं एकटीचंच नाव होतं. सहाही नावं घालून घेण्यात आमचे नऊ दिवस गेले.

सात दिवसांत आई तीनदाच खाली उतरल्या. मेट्रोत पुन्हा जिनेच. सबंध जाळ्यात एक 14 क्रमांकाची मार्गिका तेवढी सगळीकडे लिफ्ट असलेली. बसनं फिरता येतं, त्या बसक्या असतात, हे आम्हाला उशिरा समजलं. एरवी त्या मागच्या खिडकीत बसून अंगणातला चेस्टनट बघत राहायच्या. आम्ही संध्याकाळी परतलो की विचारायच्या, आज काय काय पाहिलंत? मुलगी फोनवर फोटो दाखवायची आणि त्या प्रत्येक फोटोवर बराच वेळ थांबायच्या. गेली चाळीस वर्षं ज्यांना आयफेल टॉवर पाहायचा होता त्या आमच्या घरात त्याच एक होत्या. त्यांच्यासाठीच तर निघालो होतो.

पुढच्या मे महिन्यात आम्ही व्हिएन्नाला जायचं म्हणतोय. घर शोधताना या वेळी मी फोटो शेवटी पाहिले. मालकिणीला आधी लिहिलं: एका ज्येष्ठ बाईंचे गुडघे नाजूक आहेत, कृपया रस्त्यापासून पलंगापर्यंत चालत जाऊन त्याचा व्हिडिओ पाठवा. तिनं पाठवला. दार, पाच पायऱ्या, लिफ्ट, लिफ्टमधून उतरल्यावर आणखी तीन. आईंनी तो चष्मा लावून दोनदा पाहिला, पायऱ्या बोटांवर मोजल्या आणि विचारलं, ‘दिवा विझत नाही ना गं तिथला?’

ते मी आजच विचारून घेतलंय. उत्तर यायचंय.