लंडनच्या वर्तुळमार्गाचा वृत्तांत

वर्तुळास आदी नाही व अंत नाही, असे भूमितीच्या आरंभीच्या धड्यांत आपण शिकतो. कागदावरील वर्तुळाची ही थोरवीच होय. परंतु लोखंडी रुळांच्या वर्तुळावरून गाड्या चालवू लागले की हाच गुण मोठी अडचण होऊन बसतो. लंडन शहरात भुयारी आगगाडीचा 'सर्कल लाइन' नावाचा जो मार्ग आहे, त्याच्या वाहतुकीत सव्वाशे वर्षांत झालेल्या फेरबदलांचे मूळ पुष्कळ अंशी ह्या एका अडचणीत सापडते. म्हणून तो वृत्तांत आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती १८५३ साली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६३ च्या जानेवारीच्या १० तारखेस, लंडनमध्ये पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डन स्ट्रीटपर्यंत मेट्रोपॉलिटन कंपनीची भुयारी आगगाडी सुरू झाली. जगातील अशा प्रकारची ही पहिलीच. हे भुयार डोंगरातील बोगद्याप्रमाणे आतून कोरलेले नव्हते. रस्ता उकरून खोल चर खणावयाचा, दोहो बाजूंस विटांच्या भिंती उभारावयाच्या, वर छत घालावयाचे आणि मग रस्ता पूर्ववत् करावयाचा, अशी ती रीत. गाडी ओढावयास वाफेचे यंत्र असे, आणि त्याच्या धुराने उतारूंचा जीव कासावीस होई. तरीही पहिल्या दिवशी सुमारे ३८,००० लोकांनी प्रवास केला. ह्या मार्गासाठी वर्षानुवर्षे खटपट करणारे चार्ल्स पिअर्सन हे गृहस्थ मात्र तो दिवस पाहावयास उरले नव्हते. आदल्या वर्षीच ते वारले.

पुढे डिस्ट्रिक्ट नावाची दुसरी कंपनी उभी राहिली व तिने १८६८ साली शहराच्या दक्षिण बाजूने आपला मार्ग सुरू केला. दोन्ही मार्ग दोन टोकांस जोडले म्हणजे वर्तुळ पुरे होणार, हे उघड दिसत होते. पण ते पुरे होण्यास १८८४ साल उजाडले. मेट्रोपॉलिटनचे प्रमुख एडवर्ड वॉटकिन व डिस्ट्रिक्टचे प्रमुख जेम्स फोर्ब्स ह्यांचे परस्परांशी मुळीच पटत नसे. अखेर ६ ऑक्टोबर १८८४ रोजी सुमारे १३ मैलांचे वर्तुळ पूर्ण झाले. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या मेट्रोपॉलिटनने चालवावयाच्या, व उलट दिशेने जाणाऱ्या डिस्ट्रिक्टने, अशी वाटणी ठरली. भाऊबंदकीतली विहीर दोन मोटांनी चालावी, तसा हा प्रकार!

आता अडचणीकडे वळू. आरंभी तासाला आठ गाड्या सोडण्याचे ठरले होते, आणि एका फेरीस ८१ ते ८४ मिनिटे लागत. म्हणजे दर साडेसात मिनिटांस एक ह्या हिशेबाने प्रत्येक दिशेस सुमारे अकरा गाड्या एकाच वेळी फिरत्या ठेवाव्या लागत. त्याच रुळांवरून इतर ठिकाणी जाणाऱ्या गाड्याही धावत असत. हा क्रम निभेना. म्हणून १८८५ साली तासाला सहाच गाड्या ठेवल्या व फेरीचा वेळ ७० मिनिटे केला. सत्तर भागिले दहा, म्हणजे सात गाड्या पुरेशा झाल्या. गाड्या कमी करून फेरी लवकर व्हावी, हे प्रथम विपरीत वाटेल. परंतु पुढल्या गाडीमागे तिष्ठत राहण्यात किती वेळ जातो हे ध्यानात आणिले म्हणजे कोडे सुटते.

ह्या सर्वांत गार्डाचे काय होत होते? ज्या मार्गास शेवटचे स्थानक नाही, तेथे गाडी थांबवून घोटभर चहा घेण्यास जागाच नाही. १८८५ च्या सप्टेंबरपर्यंत कामाच्या पाळीत गार्डांस विसाव्याची सुट्टीच मिळत नसे. घाण्याच्या बैलाप्रमाणे त्या धुरातून फिरत राहावयाचे! त्या महिन्यापासून वीस-वीस मिनिटांच्या तीन सुट्ट्या मिळू लागल्या. वेळापत्रक आखणाऱ्याने गाड्या मोजल्या, माणसे मोजली नाहीत, असे आम्हांस वाटते.

विजेची गाडी आणण्यातही दोन्ही कंपन्यांचे एकमत नव्हते. कोणत्या पद्धतीची वीज वापरावी हा वाद १९०१ साली लवादाकडे गेला. १ जुलै १९०५ रोजी विजेच्या गाड्या सुरू झाल्या खऱ्या, पण मेट्रोपॉलिटनच्या एका गाडीने डिस्ट्रिक्टच्या हद्दीतील वीजवाहक रूळ उलथून टाकला, व त्याच दिवशी त्या कंपनीच्या गाड्या बंद कराव्या लागल्या. दुरुस्त्या होऊन २४ सप्टेंबरपासून पूर्ण वाहतूक विजेवर चालू झाली. फेरीचा वेळ ७० मिनिटांवरून ५० वर आला आणि भुयारातील धूर गेला. पुढे १९३३ साली दोन्ही कंपन्या एकाच सार्वजनिक मंडळाच्या हाती गेल्या, आणि १९४९ पासून नकाशात 'सर्कल लाइन' हा स्वतंत्र मार्ग म्हणून दाखविला जाऊ लागला.

नाव स्वतंत्र, पण रूळ स्वतंत्र नव्हेत. दोन लहान तुकडे सोडले तर हा सारा मार्ग इतर मार्गांशी सामाईक आहे. कोठेही खोळंबा झाला की तो येथे पोचतो. दोन टोके असलेल्या मार्गावर गाडी चार मिनिटे उशिरा आली, तर टोकाच्या स्थानकावरील सहा मिनिटांच्या विसाव्यातून ती चार मिनिटे भरून काढते व परत वेळेवर सुटते. वर्तुळावर असे टोक नाही. एका फेरीतला उशीर दुसऱ्या फेरीत जातो. तो भरून काढण्यासाठी वाटेत गाडी थांबवावी, तर मागून येणाऱ्या गाड्या अडतात.

म्हणून १३ डिसेंबर २००९ पासून वर्तुळ तोडण्यात आले. आता गाडी पश्चिमेकडील हॅमरस्मिथहून निघते, एजवेअर रोड येथे वर्तुळावर येते, पूर्ण प्रदक्षिणा करते व पुन्हा एजवेअर रोडलाच येऊन थांबते; परतीस त्याच वाटेने उलट जाते. मार्गावरील स्थानके २७ होती ती ३६ झाली. गाड्यांस व चालकांस टोके मिळाली, आणि हॅमरस्मिथकडील लोकांस अधिक गाड्या मिळाल्या. परंतु बेजवॉटरहून बेकर स्ट्रीटला जाणारा उतारू पूर्वी एकाच गाडीत बसून जाई, त्यास आता एजवेअर रोडला उतरून दुसरी गाडी धरावी लागते. बदल योग्य होता असेच आम्ही म्हणू. पण त्याची किंमत ज्यांनी दिली ते निराळे, व लाभ ज्यांस झाला ते निराळे, हेही नमूद केले पाहिजे.

आकार बदलला तरी नाव 'सर्कल' हेच कायम राहिले. विद्यार्थ्यांनी लंडनच्या भुयारी मार्गांचा नकाशा मिळवून त्यावरील पिवळी रेघ हॅमरस्मिथपासून बोटाने गिरवावी, आणि बेजवॉटर व बेकर स्ट्रीट ह्यांसारख्या आणखी कोणत्या जोड्यांची थेट गाडी २००९ साली गेली, ते शोधून वहीत लिहावे.