पलीकडची गाडी

दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोटीत चढताना पावणेएक वाजला होता. दीडपर्यंत गुहागर गाठू, व्याडेश्वराच्या देवळाजवळ कुठेतरी जेवू, असा हिशेब मनात मांडून मी म्हटलं, "आई, जेवणाआधीची गोळी घेऊन टाक." आईचं वय शहात्तर, मधुमेह अठरा वर्षांचा. माझ्या भरवशावर तिने गोळी घेतली.

वाशिष्ठीची खाडी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. पलीकडे धोपाव्याला उतरलो. बोटीतल्या मोटारी आणि दुचाक्या एकामागोमाग चढ चढून दिसेनाशा झाल्या. जेट्टीवर आम्ही दोघी, दोन पिशव्या आणि ऊन एवढंच उरलं.

"गुहागरची गाडी?" मी तिथे उभ्या असलेल्या एकाला विचारलं.

"दुपारची गाडी शाळेची, ताई. आज रविवार. आता चारनंतरच."

रिक्षा गुहागरहून बोलवावी लागेल म्हणाला, आणि जेवणाच्या वेळी कुणी निघेल का, याची त्यालाच खात्री नव्हती. चहाची टपरी बंद. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, छत्री, मोबाइलचा चार्जर. खाण्याचं काही म्हणजे काही नाही. सव्वादोनच्या सुमाराला आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि मी काय विचारते आहे ते तिला नीट कळेना. वर्गात चाळीस मुलांना एका नजरेत गप्प करणारी माझी आई, आणि तिला स्वतःच्या पिशवीचा बंद सोडता येत नव्हता. मी धावत चढ चढून पहिलं दिसलं ते दार वाजवलं. त्या घरातल्या वहिनी साखरेचं पाणी घेऊन माझ्या पुढे धावल्या. अर्ध्या तासाने आई त्यांच्या ओटीवर बसून कुळथाचं पिठलं आणि भात खात होती. पैशांचं नाव काढलं तर त्यांनी हात जोडले.

ही चूक माझी होती, आणि ती टाळता येण्यासारखी होती, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे गाडी नाही. निवृत्त मराठी शिक्षिका असलेल्या आईला मालगुंडला केशवसुतांचं घर पाहायचं होतं. दिवा–सावंतवाडी गाडीने खेड, खेडहून एसटीने दापोली, मग दाभोळ, गुहागर आणि पुढे किनाऱ्याने खाली, असा बेत होता. खाडी न ओलांडता दापोलीहून गुहागरला जायचं तर खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या आसपासचा वळसा पडतो, म्हणून फेरीबोट. बेत चुकीचा नव्हता. पण मी वेळा पाहिल्या त्या फक्त लांबच्या प्रवासाच्या. रेल्वे किती वाजता, दापोलीची गाडी किती वाजता. बोटीतून उतरल्यावर पुढे कसं जायचं, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. स्वतःची गाडी नसणारा माणूस अडकतो तो शेकडो किलोमीटरच्या प्रवासात नाही, दोन वाहनांच्या मधल्या तुकड्यात अडकतो.

रेल्वेतही हेच. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण मार्गावर धावू लागली खरी, पण डोंगरातून बोगदे आणि पूल काढत गेलेला तो मार्ग प्रत्येक गावाच्या दाराशी जाणं शक्यच नव्हतं. स्टेशनच्या नावापुढे 'रोड' दिसला की सावध व्हावं: राजापूर रोड, सावंतवाडी रोड, वैभववाडी रोड. स्टेशन नावापुरतं त्या गावाचं; गाव पुढे आहे, आणि राजापूरच्या बाबतीत चांगलंच पुढे. मालवण, वेंगुर्ला, देवगड यांना तर रेल्वेच नाही. कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढची सोय करायची. खेड, रत्नागिरीसारख्या ठिकाणीही स्टेशन आणि एसटी स्टँड वेगळे आहेत, चालत जाण्याजोगे नाहीत. गाडी रात्री पोचणार असेल तर मुक्कामाच्या जागेवाल्यांना आधी फोन करून रिक्षा सांगून ठेवावी. आणि जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग कमी केला जातो. उन्हाळ्यात पाहिलेल्या वेळा तेव्हा धरून चालू नये.

एसटीबद्दल विचारायची एक पद्धत असते, ती मला गुहागरच्या स्टँडवर एका वाहकदादांनी शिकवली. "गाडी किती वाजता?" एवढंच विचारू नये. आज आहे का, रविवारी-सुट्टीला असते का, शेवटची कोणती, आणि इथूनच सुटते की मागून भरून येते, हे चारही विचारावं. आडगावी जाणार असाल तर वस्तीची गाडी कुठली ते माहीत करून घ्यावं. ती संध्याकाळी गावात जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत निघते. ती चुकली तर त्या दिवसाची वाट बंद, पण ती साधली तर सकाळी लवकर तालुक्याला पोचण्याची खात्री. मोबाइलवरच्या नकाशात यातलं काही दिसत नाही. ते चौकशी खिडकीवर आणि स्टँडसमोरच्या पानटपरीवर कळतं.

खर्चाचं म्हणाल तर एसटी आता फार आधाराची आहे. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात मोफत प्रवास आहे, आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. आईला शून्य रकमेचं तिकीट मिळालं तेव्हा तिने ते वहीत जपून ठेवलं. आधार कार्ड मात्र वरच्या कप्प्यात हवं. गर्दीत वाहक समोर उभा असताना बॅगेच्या तळाशी शोधत बसणं म्हाताऱ्या माणसाला जड जातं.

आता जेवणाचं. कोकणातल्या लहान गावात घरगुती जेवण उत्तम मिळतं, पण ते आपली वाट पाहत तयार नसतं. किती ताटं लागतील त्यावर तांदूळ धुतला जातो, मासळी आणली जाते. दुपारचं जेवण सकाळी नऊ-दहापर्यंत आणि रात्रीचं पाचच्या आत सांगून ठेवावं. अडीचनंतर चूल विझते, ती संध्याकाळपर्यंत पेटत नाही, आणि रात्री नऊनंतर दार वाजवणं बरं नव्हे. स्टँडवर वडापाव, मिसळ मिळते. भूक भागते, पण मधुमेह असलेल्याने त्यावर दिवस काढू नये. आम्ही तेव्हापासून दशम्या, शेंगदाणे, भाजके चणे, दोन केळी आणि गुळाचे खडे घेतल्याशिवाय निघत नाही. गूळ माझ्या खिशात असतो, बॅगेत नाही.

घरी परतल्यावर डॉक्टरांनी समजावलं. आईच्या गोळीचा प्रकार असा, की पोटात अन्न जावो न जावो, ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. म्हणून ती ताट समोर आल्यावरच घ्यायची. साखर उतरल्याची लक्षणं दिसली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, फरक नसेल तर पुन्हा द्यायची आणि मग नीट जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. प्रत्येकाची औषधं वेगळी, तेव्हा घरच्या मधुमेही माणसाला घेऊन निघण्याआधी आपापल्या डॉक्टरांना हे विचारून घ्याच.

धोपाव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गुहागरलाच राहिलो. परत फिरावं का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "इथवर आलोय तर केशवसुतांना भेटून जाऊ. तू फक्त नीट विचारून घे."

पुढची खाडी शास्त्री नदीची, तवसाळहून जयगड. या वेळी मी आधी पलीकडचं विचारलं. आमच्या रिक्षावाल्याने जयगडच्या एका रिक्षावाल्याला माझ्यासमोर फोन लावला, बोटीची वेळ सांगितली, भाडं ठरवलं. मालगुंडच्या एका घरी सकाळीच दोन ताटं सांगून ठेवली. बोट जयगडला लागली तेव्हा जेट्टीवर एक मुलगा उभाच होता. "आजी, सावकाश उतरा, गाडी इथेच आहे," म्हणाला.

केशवसुतांच्या घरात आई बराच वेळ हिंडली. भिंतीवरच्या कविता ओठ हलवत वाचत होती. मी दोनदा घड्याळ पाहिलं, पण तिला घाई केली नाही. गूळ खिशात होता. जेवायच्या घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. मी सवयीने गोळीची डबी काढली. आईने माझा हात थांबवला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. ताट आलं, भातावर आमटी पडली, मग तिने हात पुढे केला.