मनाच्या दवाखान्याची वाट: पदवीच्या पहिल्या वर्षापासूनची तयारी

बारावीनंतर कला शाखेत प्रवेश घेताना आपल्याकडील बहुसंख्य मुले-मुली ऐच्छिक विषय एकाच कसोटीवर निवडतात, ती म्हणजे गुण कशात लवकर मिळतात. त्या यादीत मानसशास्त्राचे नाव बरेच वर असते. प्रात्यक्षिकाचे गुण हाती पडतात, पुस्तके मराठीत मिळतात आणि विषयही गोडी लावणारा आहे. मग तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस एखाद्याच्या मनात येते की, आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हावे. तोपर्यंत निम्म्या तयारीची वेळ निघून गेलेली असते. म्हणून प्रस्तुत लेख पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि विशेषतः त्यांच्या पालकांसाठी लिहीत आहे.

प्रथम एक घोळ दूर केला पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे त्या शाखेत गेलेला डॉक्टर असतो. औषध तो लिहून देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कला शाखेतूनही होता येते. कसोट्या घेऊन रुग्णाची पारख करणे आणि बोलण्याच्या, वर्तनाच्या मार्गाने उपचार करणे हे त्याचे काम. परंतु नुसत्या एम.ए.वर ही पाटी लावता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये व्याख्या स्पष्ट आहे: मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., तेही भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले. म्हणजे तीन, दोन आणि दोन अशी सात वर्षे. घरात वडिलांना हा आकडा पहिल्याच दिवशी सांगावा. बी.ए. झाल्यावर मुलगा कमावता होईल या भरवशावर घरचा हिशेब मांडलेला असतो, आणि अर्ध्या वाटेत तो मोडला की मुलगी असल्यास तिचेच शिक्षण आधी थांबते.

या वाटेवर अलीकडे दोन मोठे बदल झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमावलीने एम.फिल. बंद केले; नंतर केवळ क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना 2025-26 पर्यंत मुदत दिली. त्यामुळे पुढील अभ्यासक्रमाचे नाव काहीही असो, परिषदेची मान्यता आहे काय आणि देखरेखीखाली रुग्णालयात प्रत्यक्ष काम आहे काय, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय शुल्क भरू नये. दुसरा बदल आपल्या जिल्ह्याला अधिक झोंबणारा आहे. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन मानसशास्त्र शिकवण्यास आयोगाने मनाई केली. नोकरी सांभाळून, घरी बसून एम.ए. करू, हा आपल्या लोकांचा जुना आधार होता. रुग्णाशी संबंधित विद्या टपालाने शिकू नये हे तत्त्व मला पटते. पण मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या मुलीला आता वसतिगृहाचा विचार करावाच लागेल, हेही तितकेच खरे.

आता अभ्यासाविषयी. कला शाखेची मुले संख्याशास्त्राला घाबरतात आणि तोच भाग पर्यायात सोडून देतात. असे करू नये. मी स्वतः मराठी आणि इतिहास घेऊन पदवीधर झालो. आकडेमोड बँकेच्या काउंटरवर शिकलो. ती येते. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध एवढे पक्के झाले की पुढची दारे उघडतात. आज वापरात असलेल्या बऱ्याच बुद्धिमापन कसोट्यांत मध्यमान 100 आणि प्रमाण विचलन 15 धरतात. 70 हा गुणांक मध्यमानाच्या दोन विचलने खाली का येतो, हे ज्याला समजले त्याला तो आकडा केवढा गंभीर आहे हेही समजते. त्याच्या आधारे एखाद्या मुलाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते किंवा नाकारले जाते.

प्रात्यक्षिकाची वही मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून उतरवून काढण्याची प्रथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामुळे गुण मिळतात, हात मात्र कोरा राहतो. याठिकाणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. परदेशी बिने कसोटी त्यांनी 1934 च्या सुमारास मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. बिने-कामत कसोटी म्हणून ती पुढे देशभर वापरली गेली. तिचा हिशेब सोपा होता: दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा निघाले तर गुणांक 60. सोपे नव्हते ते प्रश्न बसवणे. जे आपल्या मुलाने कधी पाहिलेच नाही, ते त्याला विचारायचे कसे? हा प्रश्न आजही शिल्लक आहे. आपल्या तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. त्याला पुस्तकी मराठीत शब्दार्थ विचारले आणि ते गप्प राहिले, तर ते मंद ठरवायचे काय? सी. एम. भाटिया यांच्या 1955 च्या कसोटीमालेत ठोकळे, आकृत्या, चित्रांचे तुकडे यांवर भर आहे, तो याच अडचणीमुळे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने कोणाला ‘मतिमंद’ किंवा ‘डिप्रेशन’चा शिक्का मारू नये, परंतु असे प्रश्न वहीत जरूर लिहावेत.

आणि इथेच आपल्या विद्यार्थ्यांकडे एक भांडवल आहे, ज्याची त्यांना लाज वाटते. आपल्या भागातला माणूस ‘मला नैराश्य आले’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, जीव लागत नाही, डोकं भणभण करतं, छातीत धडधड होते, अंगात वारं राहिलं नाही. बाई म्हणते, बाहेरचं झालंय. शहरात वाढलेल्या तज्ज्ञाला हे शिकावे लागते. आपल्याला ते घरातून मिळालेले आहे. अशी वाक्ये ऐकून टिपून ठेवावीत (माणसाचे नाव लिहू नये) आणि शेजारी पुस्तकातील संज्ञा लिहावी. इंग्रजी वाचन मात्र रोज दोन पाने तरी हवेच, कारण पुढील प्रवेशपरीक्षा इंग्रजीत असतात.

गरज किती आहे, तेही पाहावे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी मनोविकार आढळला, आणि निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के लोक उपचाराविना होते. (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.) राज्यातील चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला; मराठवाड्यात एकही नाही, म्हणून जालन्याला एक मंजूर झालेले आहे. जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसशास्त्रज्ञाचे पद असते. सुट्टीत विशेष मुलांच्या शाळेत किंवा व्यसनमुक्ती केंद्रात परवानगी घेऊन महिनाभर नुसती मदत करावी: खुर्च्या लावणे, नोंदवही लिहिणे. हे काम आपल्या स्वभावाला झेपते की नाही, ते तिथे कळते. नाही झेपले तर पहिल्या वर्षातच कळलेले बरे.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण प्रवेश अनेकदा तिथेच अडतो. पुण्याची महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ, बेंगळुरूची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, सर्वत्र जागा मोजक्याच. एम.फिल.साठी एम.ए.ला 55 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 50 टक्के अशी अट होती. प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक असावेत. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती 1990 पासून आहेत, परंतु केंद्रीय संस्थेला प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या नमुन्यात लागते, ते बी.ए.ला असतानाच काढून ठेवावे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी भरावा. वसतिगृहात जागा न मिळाल्यास समाजकल्याण कार्यालयात स्वाधार योजनेची चौकशी करावी. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत आणि बँक खात्याला आधार जोडलेले आहे की नाही, हे दोन्ही जूनमध्येच तपासावे.