धान्याची कोठी

1926 सालीं पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचें पाणी कालव्यानें देवळाली प्रवरा येथील शिवारांत येतें. ओलिताचें धान्य घरीं येतांना पुष्कळदां ओल घेऊनच येतें, हें आम्ही नुकसान सोसून शिकलों. एके वर्षीं ज्वारी उन्हांतून उचलून ऊन-ऊनच पत्र्याच्या कोठींत भरली. वर कडुनिंबाचा हिरवा पाला घातला. श्रावणांत झांकण काढलें तों कुबट वास, बुरशीचे गठ्ठे आणि सोंडेच सोंडे! वर्षाची बेगमी अर्धी गुरांसही घालतां येईना. दोष पाल्याचा नव्हे, घाईचा. ऊन दाण्यांची वाफ गार पत्र्याला लागून तिचें पाणी झालें. ओल्या पाल्यानें त्यांत भर घातली.

दाणा दांताखालीं कट्‌कन् फुटेपर्यंत वाळवावा, मग घरांत पसरून पुरता निवूं द्यावा. पालाही सांवलींत वाळविलेलाच घ्यावा. कोठी भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर ठेवावी. जुन्या धान्यावर नवें कधींही ओतूं नये. सोंड्याची मादी दाणा कोरून आंत अंडें घालते व भोंक बुजविते. म्हणून पाखडलेलें स्वच्छ धान्यही उष्ण दिवसांत महिन्याभरानें किडलेलें निघतें. कोठी रिकामी झाली कीं सांदीकोपऱ्यांतले दाणे झाडून ती दोन दिवस कडक उन्हांत उपडी न ठेवतां तोंड उघडें करून ठेवावी.