शुद्ध प्रत कोणती?

भिंगार

चि. बाळ यास,

तुझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण लॅपटॉपवर एक, मोबाइलवर दुसरे आणि गूगल ड्राइव्हवर तिसरेच दिसते, व त्या त्रासाने तू ड्राइव्हचे ॲपच काढून पुन्हा टाकण्याच्या बेतात आहेस, असे ताईकडून कळले. तूर्त तसे काही करू नकोस. जो मजकूर अद्याप वर चढलेला नाही तो केवळ त्या एका यंत्रावर असतो, आणि ॲपबरोबर तोही नाहीसा होण्याचा संभव असतो. म्हणून तिन्ही ठिकाणच्या फाइली, नावे न बदलता, पेनड्राइव्हवर वेगवेगळ्या फोल्डरांत उतरवून घे आणि मगच चौकशीला बस.

चौकशी नेहमी क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींपासून सुरू करावी. सगळीकडे खाते एकच आहे ना, याची खातरजमा कर. लॅपटॉपवर महाविद्यालयाचे खाते आणि मोबाइलवर घरचे, असा घोळ असेल तर यंत्राचा कसूर तो काय? गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते खरी, परंतु तीत ईमेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांचा वाटा असल्यामुळे लग्नकार्यांचे व्हिडिओ प्रबंधाची वाट अडवून बसतात. मोबाइलचा बॅटरी सेव्हर पडद्यामागचे काम रोखून धरतो, तेही पाहून घे.

खरा पेच निराळाच आहे. इंटरनेट नसताना तू दोन्ही यंत्रांवर एकाच प्रकरणात लेखन केलेस, तर पुढे जोडणी झाल्यावर कोणता मजकूर ग्राह्य, हा निवाडा यंत्राला करता येत नाही; ड्रॉपबॉक्ससारखी सेवा अशा वेळी एक प्रत जुन्या नावाने राखते आणि दुसरीच्या नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ हे शब्द व तारीख जोडून देते. पुष्कळ लोक तिला कचरा समजून पुसून टाकतात आणि मग हरवलेल्या परिच्छेदासाठी कंपनीच्या नावाने बोटे मोडतात! केवळ तारखेवरही विसंबू नये, कारण रात्री उघडून एक स्वल्पविराम बदललेली प्रत ‘नवी’ ठरते आणि दुपारी चार पाने लिहिलेली प्रत ‘जुनी’. वर्डमधील ‘कंपेअर’ वापरून दोन्ही प्रती समोरासमोर मांड आणि ओळीओळीची रुजुवात घाल. आमच्या दफ्तरात नक्कल आणि अस्सल यांची रुजुवात घातल्यावाचून कागद पुढे सरकत नसे, तो रिवाज मला आजही बिनतोड वाटतो.

हे काम आपल्या मुलखाला नवे नाही. आपल्याच जिल्ह्यातील नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हस्तलिखितांतून उतरत गेली, पाठ भिन्न झाले, अपपाठ शिरले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ त, पैठणच्या एकनाथ महाराजांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध करून तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे निक्षून बजावले. शुद्धीइतकेच ते बजावणेही महत्त्वाचे होते, असे मी मानतो. कारण तो निर्बंध नसता तर घोळ पुनश्च सुरू होण्यास कितीसा काळ लागला असता? तुझी शुद्ध प्रत निश्चित झाली की तूही लेखन लॅपटॉपवरच कर, मोबाइल वाचनापुरता ठेव, आणि ड्राइव्हवर फाइल पूर्ण चढल्याची खूण दिसल्याखेरीज लॅपटॉप मिटू नकोस.

आणखी एक. सगळीकडे प्रती आहेत म्हणून प्रबंध सुरक्षित आहे, या भ्रमात राहू नकोस; जोडलेल्या यंत्रांपैकी एका ठिकाणी पुसलेली फाइल सर्वत्र पुसली जाते, आणि ड्राइव्हच्या कचरापेटीतून ती ३० दिवसांनी कायमची जाते. यास्तव कोणत्याही खात्याशी न जोडलेली एक प्रत आठवड्याच्या आठवड्याला निराळी काढून ठेवण्याची तजवीज कर.

पेनड्राइव्हवर तिन्ही प्रती उतरल्या की मला कळव. तोपर्यंत ‘प्रकरण ३ अंतिम’ या नावाची एकही फाइल पुसू नकोस.

तुझा,
मामा