जंतू औषधाला दाद का देत नाहीत?

गेल्या वर्षी वडिलांची शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण चौथ्या दिवशी टाक्यांतून पू येऊ लागला. पुवाच्या तपासणीचा कागद मी माहीमला घरी आणून वाचला. जंतूचे नाव होते स्टॅफिलोकोकस ऑरियस. बहुतेक औषधांपुढे ‘आर’ हे अक्षर होते; ‘रेझिस्टंट’, म्हणजे दाद न देणारा. मी कलाशाखेची विद्यार्थिनी; त्या एका अक्षरासाठी हा अभ्यास केला.

हा जंतू सुमारे एक-तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात निमूटपणे राहतो. जखमेत शिरला की घात करतो. १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिनचा शोध लागला तो याच जातीचे जंतू वाढवताना. आपल्याकडे ते बनवण्यासाठी १९५४ साली पिंपरीला सरकारी कारखाना स्थापन झाला. पण पेनिसिलिन तोडणारे जंतू तोवर निपजले होते. १९५९ मध्ये मेथिसिलिन आले; १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही न जुमानणारे जंतू आढळले.

औषध जंतूला शिकवत नाही, निवडते. दुर्बळ मरतात, वेगळ्या घडणीचे थोडे उरतात व तेच वाढतात. रुग्णालयात औषधांचा वापर सतत असल्याने अशांचे फावते, आणि न धुतलेल्या हातांवरून ते खाटेखाटेला पोचतात. मीही हात न धुताच वडिलांची पट्टी सारखी केली होती.

व्हॅन्कोमायसिनच्या इंजेक्शनांनी वडील बरे झाले. आईने ‘सर्दीला उपयोगी पडतील’ म्हणून डब्यात जपलेल्या प्रतिजैविकाच्या उरलेल्या गोळ्या मात्र आता आमच्या घरात कोणी मागत नाही.